भरतीचं ग्राउंड आणि माझ्या नडगीचं हाड

पोलीस भरतीचं ग्राउंड, म्हणजे मैदानी चाचणी, 50 गुणांचं. मुलींना 800 मीटरला 20, 100 मीटरला 15 आणि गोळाफेकीला 15. आता 800 मीटर म्हणजे ट्रॅकच्या दोन फेऱ्या, तीन मिनिटांच्या आसपासचा खेळ. त्या तीन मिनिटांसाठी आम्ही पोरी पहाटे चारला उठून डांबरी रस्त्यावर आठ-दहा किलोमीटर कशाला पळतो, हे पाय जायबंदी होईपर्यंत मला कुणी विचारलं नव्हतं. सगळ्याच अकॅडम्या पळवतात म्हणून आम्ही पळायचो.

मी सातारा जिल्ह्यातल्या माण तालुक्यातली. आमच्याकडे पोरगी पळते म्हटलं की घरचे फारसं अडवत नाहीत, कारण मोहीची ललिता बाबर 2016 साली रिओ ऑलिंपिकमध्ये 3000 मीटर स्टीपलचेसच्या, म्हणजे अडथळ्यांच्या शर्यतीच्या, अंतिम फेरीत पळून दहावी आली, हे आमच्या भागात शेंबड्या पोरालाही माहीत आहे. त्यामुळे अकॅडमीची फी, हॉस्टेल, मेस, सगळं आईने गाय विकून का होईना उभं केलं.

भरतीची जाहिरात निघणार अशी कुणकुण लागली आणि सरांनी सराव वाढवला. सकाळ-संध्याकाळ दोन्ही वेळा रनिंग. तीनेक आठवड्यांत उजवी नडगी ठणकायला लागली. अकॅडमीत प्रत्येकीच्याच नळ्या दुखत असतात, त्यामुळे तिथे दुखण्याला किंमत नाही. बर्फ लावा, बाम चोळा, पट्टी बांधा आणि पळा. पळून पळूनच जाईल, हे ठरलेलं वाक्य. माझं वाढत गेलं. आधी पळाल्यावर दुखायचं, मग पळताना, मग जिना उतरताना, आणि शेवटी रात्री कूस बदलताना जाग यायला लागली.

हाडांच्या डॉक्टरांकडे एक्स-रे काढला. "काही नाहीये, आठवडाभर आराम कर," म्हणाले आणि गोळ्या दिल्या. गोळ्यांनी दुखायचं थांबलं, मी परत पळायला लागले, आणि चार दिवसांत लंगडायला लागले. सततच्या ताणाने हाडाला होणाऱ्या अशा दुखापतीत, म्हणजे स्ट्रेस फ्रॅक्चरमध्ये, सुरुवातीच्या आठवड्यांत एक्स-रे बहुतेक वेळा कोराच येतो, हे मला नंतर कळलं. हाड आतून शिणलेलं असतं, पण एक्स-रेवर दिसण्याइतकी भेग पडलेली नसते.

मैत्रिणीची मावसबहीण फिजिओथेरपीचं पुढचं शिक्षण घेत होती. तिच्या ओळखीने त्यांच्या कॉलेजच्या ओपीडीत गेले. तिथल्या मॅडमनी एक्स-रे बाजूला ठेवला आणि नडगीच्या आतल्या कडेवरून एक बोट वरून खाली हळूहळू दाबत आणलं. "दुखलं की सांग." गुडघ्याखाली काही नाही. मधोमध काही नाही. त्याच्या जरा खाली बोट टेकलं आणि मी पलंगावरून उठूनच बसले. त्यांनी पेनाने तिथे खूण केली आणि परत सगळीकडे दाबून पाहिलं. दुखलं ते त्या खुणेवरच, नाण्याएवढ्या जागेत. मग म्हणाल्या, "एका पायावर उडी मार." डाव्यावर मारली. उजव्यावर धीरच झाला नाही.

त्यांनी फरक समजावला. नडगीची आतली कड चांगली वीतभर, निदान चार-पाच बोटं लांब दुखत असेल, तर ते बहुतेक स्नायू आणि हाडावरच्या आवरणाचं दुखणं. त्यात सराव कमी करून, पोटऱ्या मजबूत करून निभावता येतं. पण दुखणं एका बोटाखाली सापडत असेल, उडी मारवत नसेल, रात्री ठणकत असेल, तर ते हाडाचं आहे असं धरून चालायचं. आमच्या अकॅडमीत या दोन्हींना एकच बाम होता.

एमआरआय झाला. फिल्मवर नडगीच्या काळसर हाडात एक पांढुरका ढग दिसत होता. रिपोर्टमध्ये तिसरी ग्रेड. ही प्रतवारी 1995 साली फ्रेडरिकसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी धावपटूंच्या नडग्या तपासून केलेली आहे: पहिल्या ग्रेडमध्ये फक्त हाडावरच्या आवरणाला सूज, चौथीत प्रत्यक्ष भेग. मी उंबऱ्यावर होते. त्यातल्या त्यात नशीब म्हणजे दुखापत हाडाच्या आतल्या-मागच्या कडेला होती. नडगीच्या पुढच्या धारेला असती तर प्रकरण फार लांबलं असतं, कारण त्या बाजूला हाड ताणलं जातं आणि भरून यायला कुचराई करतं.

मला वाटलं आता प्लास्टर, कुबड्या. मॅडमनी मात्र वही काढली आणि विचारलं, "पाळी शेवटची कधी आली?"

हा प्रश्न एक्स-रेच्या वेळी कुणी विचारला नव्हता, अकॅडमीत तर शक्यच नव्हतं. माझी पाळी कित्येक महिने बंद होती. हॉस्टेलमध्ये आम्ही निम्म्या जणी तशाच होतो आणि सगळ्यांचं म्हणणं एकच, की बरंच झालं, ग्राउंडच्या दिवशी कटकट नको. मॅडम पुढे विचारत गेल्या. झोप किती? उपवास किती? मेसला काय मिळतं? दोन चपात्या, पातळ आमटी, भात, बटाट्याची भाजी. पहाटे पळायच्या आधी काय खाते? काही नाही, चहा. गुरुवार आणि चतुर्थी? धरते.

मग त्यांनी माझ्यासमोर हिशेब मांडला. माझं वजन 48 किलो, त्यातली चरबी वजा जाता साधारण 39. खाणं अंदाजे 1700 कॅलरी, पळण्यात आणि व्यायामात जाणाऱ्या 600. उरल्या 1100. भागिले 39, म्हणजे किलोमागे 28. ओहायो विद्यापीठात ॲन लाउक्स यांनी 2003 साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात नियमित पाळी येणाऱ्या तरुण मुलींना मोजून खायला दिलं होतं. हा आकडा 30 च्या खाली गेला, तेव्हा पाळी चालवणाऱ्या संप्रेरकांची लय पाच दिवसांतच बिघडू लागली. तीस म्हणजे काही दगडावरची रेघ नव्हे, प्रत्येकीचं शरीर वेगळं, हेही मॅडमनी सांगितलं. पण शरीराची रीत सरळ आहे. पैसे कमी पडले की घर चालवणारी बाई आधी दुरुस्तीची कामं पुढे ढकलते, तसं शरीर पाळी आणि हाडांची डागडुजी थांबवतं आणि मिळेल ते पळण्याला पुरवतं. आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीने 2014 पासून याला एक नावच दिलंय, रेड-एस, म्हणजे खेळाडूच्या शरीराला पडणारा ऊर्जेचा तुटवडा. मुलगेही त्यातून सुटलेले नाहीत, फक्त त्यांच्यात पाळीसारखी धोक्याची घंटा वाजत नाही.

डागडुजीचं गणितही त्यांनीच सांगितलं. हाडावर रोज बारीक इजा होते, ती खरवडून काढणाऱ्या पेशी आधी कामाला लागतात आणि साधारण तीन आठवड्यांत खड्डा करतात. तो भरायला मात्र तीनेक महिने लागतात. म्हणजे सराव एकदम वाढवला, तर तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात हाड सगळ्यात पोकळ असतं. जाहिरातीची कुणकुण लागल्यापासून माझं दुखणं नेमकं तेव्हाच सुरू झालं होतं.

मला सगळ्यात गंमत वाटली ती या शास्त्राच्या जन्मकथेची. हे मुळात ऑलिंपिकवाल्यांनी शोधलेलं नाही, सैन्याच्या भरतीतून आलंय. 1855 साली ब्राइटहाउप्ट नावाच्या प्रशियाच्या लष्करी डॉक्टरने लांब कवायतीनंतर सुजलेली शिपायांची पावलं नोंदवली. एक्स-रेचा शोधच 1895 चा, त्यामुळे आत हाड मोडलंय हे दिसायला आणखी चाळीस वर्षं गेली. नंतर जगभरच्या सैन्यांनी रंगरूटांच्या नडग्यांवर अभ्यास केले, कारण ट्रेनिंगमध्ये जायबंदी झालेला जवान त्यांना परवडत नाही. इस्रायलच्या सैन्यात फिनस्टोन आणि मिल्ग्रोम यांनी पंचवीस वर्षं बूट बदलून पाहिले, गाद्या घालून पाहिल्या, बरंच काही केलं. खरा फरक पडला तो रंगरूटांना रात्री किमान सहा तास झोप सक्तीची केल्यावर आणि एकूण चाल कमी केल्यावर; हाडांच्या या दुखापती साठ टक्क्यांहून जास्त घटल्या. अमेरिकेच्या नौदलात पाच हजारांहून जास्त महिला रंगरूटांना कॅल्शियम आणि ड जीवनसत्त्व देऊन पाहिलं, तर दुखापती पाचव्या हिश्श्याने कमी झाल्या. आम्ही मात्र रात्री अकरापर्यंत लेखीचा अभ्यास करून पहाटे चारला शिट्टीवर उठत होतो, आणि आमचा सगळा जीव बुटांत. कुणाचे महागडे, कुणाचे जाड तळव्याचे. मॅडम म्हणाल्या, जमिनीचा दणका वजनाच्या दोन-तीन पट असतो, पण नडगीवरचा दाब त्याहून कितीतरी जास्त, कारण तो मुख्यतः पोटरीच्या स्नायूंच्या ओढीतून येतो. गादी घालून ती ओढ कमी होत नाही.

पुढची पायरी स्त्रीरोगतज्ज्ञ. "लग्न झालंय का?" हे विचारून झालं. गरोदरपणाची तपासणी झाली, थायरॉइड झालं, प्रोलॅक्टिन हे संप्रेरक तपासून झालं. मग एका ठिकाणी पाळी येण्याच्या गोळ्या लिहून मिळाल्या. फिजिओ मॅडमनी त्या घ्यायच्या आधी दुसरं मत घ्यायला सांगितलं, ते बरं झालं. दुसऱ्या डॉक्टर बाईंनी स्पष्ट सांगितलं, की गोळ्यांनी रक्तस्राव होईल, पण ती तुझ्या शरीराने आणलेली पाळी नव्हे. हाडाला त्याचा आधार नाही, आणि वर सगळं सुरळीत झालं असं वाटून तू खाणं वाढवणार नाहीस. डेक्सा, म्हणजे हाडांची घनता मोजणारा स्कॅन, केला. तरुण मुलींच्या रिपोर्टमध्ये टी नव्हे, झेड आकडा, म्हणजे आपल्याच वयाच्या बायकांशी तुलना करणारा, बघायचा असतो. खेळाडूत तो उणे एकच्या खाली असला की लक्ष द्यायचं. माझा कमरेचा जेमतेम त्या रेषेवर. फेरिटिन, म्हणजे शरीरातला लोहाचा साठा, तोही कमी निघाला. लोहाच्या गोळ्या एक दिवसाआड घ्यायच्या, कारण रोज घेतल्या तर शरीर दार लावून घेतं, आणि चहा त्यापासून लांब ठेवायचा. चहाचं जास्त जड गेलं.

मी गावी गेले. खाण्याचा भाग ऐकायला सोपा वाटतो, पण तोच सगळ्यात जड. भूक मेलेली असते. आई खूश होती, तिला एवढं अधिकृत कारण कधी मिळालं नव्हतं. सकाळी उठल्या उठल्या शेंगदाण्याचा लाडू किंवा केळं, व्यायामानंतर अर्ध्या-पाऊण तासात दोन अंडी आणि भाकरी, जेवणात वाटीभर घट्ट डाळ, रात्री दूध. उपवास बंद. आजीने त्यावर आठवडाभर अबोला धरला, मग स्वतःच म्हणाली, देवाला पण पोलीस लागतातच की.

पळणं बंद, पण दम टिकवायचा होता. तरणतलाव आमच्या तालुक्यात कुठला! मॅडमना विहिरीबद्दल सांगितलं तर त्या हसल्या आणि म्हणाल्या, चालेल, उलट उत्तम. पाठीला प्लास्टिकचा डबा बांधून विहिरीत उभ्याने पाय मारायचे, पळल्यासारखे, पाय तळाला न टेकता. दादा काठावर मोबाइलमध्ये वेळ लावून बसायचा: एक मिनिट जोरात, एक मिनिट हळू. नडगीवर भार शून्य, आणि छाती मात्र 800 च्या दुसऱ्या फेरीसारखी फुटायची. गावातली पोरं बघायला जमायची, तेवढं सोसलं.

न दुखता भराभर चालता यायला लागलं, तेव्हा पोटऱ्यांचं काम सुरू झालं. पायरीच्या कडेवर एका पायाने टाच वर-खाली, आधी गुडघा सरळ ठेवून, मग वाकवून. वाकवल्यावर पोटरीच्या आतल्या स्नायूवर भार येतो आणि धावताना तोच सगळ्यात जास्त राबतो. नंतर पाठीवर दप्तरात ज्वारी भरून तेच. त्यासोबत बैठका आणि खांद्याचे व्यायाम.

मग चालणं आणि पळणं आलटून पालटून: मिनिटभर पळ, दोन मिनिटं चाल. दुसऱ्या दिवशी सकाळी बोटाने ती जागा दाबायची; दुखली तर एक पायरी मागे. इथे मॅडमनी टर्नर आणि रॉबलिंग यांच्या उंदरांवरच्या प्रयोगांचा आधार घेतला. हाडाला मोजक्या धक्क्यांतच काय ते कळतं, त्यानंतर ते बहिरं होतं आणि काही तासांच्या विश्रांतीनंतर परत ऐकू लागतं. एका दमात 360 वेळा भार देण्यापेक्षा 90-90 चे चार तुकडे अंतर ठेवून दिले, तेव्हा हाड जास्त चांगलं घडलं. म्हणजे लांबलचक पळण्यातला बराचसा भाग हाडाच्या दृष्टीने नुसती झीज. म्हणून सकाळी थोडं, संध्याकाळी थोड्या दोरीवरच्या उड्या, आणि मध्ये एक दिवस पूर्ण सुट्टी. पावलं जराशी आखूड आणि जलद टाकायची, हेही तेव्हाच शिकले. अकॅडमीत मुलांच्या रांगेत त्यांच्या ढांगेशी ढांग मिळवून पळायची सवय लागली होती.

पाळी परत आली ती मी वेगात पळायला लागण्याच्या आधीच. आईने पेढे आणले नाहीत एवढंच.

अकॅडमीत परत गेले तेव्हा सरांशी वाद झाला. "तुझ्या एकटीसाठी वेगळं शेड्यूल?" मी म्हटलं, "सर, 800 मीटरचं टायमिंग बघा, मग बोला." पहाटेचं डांबरी रनिंग सोडलं, आठवड्यात तीन दिवस पळणं, दोन दिवस वजनं, रात्री दहाला झोप. मेसच्या काकूंना महिन्याचे थोडे जास्त पैसे दिले, त्या दोन अंडी आणि वाटीभर डाळ वाढवून द्यायला लागल्या. हॉस्टेलच्या दोन पोरींनी माझं बघून मॅडमचा नंबर घेतला. सर त्यावर काही बोलले नाहीत. शिट्टी अजून चारलाच वाजते.

ग्राउंड झालं. 800 ला पूर्ण गुण मिळाले. 100 मीटरला काही गुण गेले, कारण वेगाचा सराव सगळ्यात शेवटी सुरू केला होता, आणि मॅडमनी तो आधी करू दिला नसता. गोळा मात्र पहिल्यापेक्षा चांगलाच लांब पडला, तो त्या ज्वारीच्या दप्तराचा आणि बैठकांचा प्रताप. लेखीच्या यादीत नाव आलंय. सध्या गणित आणि बुद्धिमत्ता चाललंय, आणि डेक्सा परत करायचा आहे त्यासाठी पैसे बाजूला टाकतेय.