कोबेत पप्पांसाठी कद्दीश

पप्पा ठाण्यात वारले तेव्हा मी जपानात, कोबेला होतो. आम्हा बेने इस्राएलांत, म्हणजे महाराष्ट्रातल्या ज्यूंत, दफन लांबवत नाहीत, त्यामुळे मी पोहोचेपर्यंत माती झाली होती. सात दिवस आईजवळ बसलो आणि परतलो. आता अकरा महिने कद्दीश, म्हणजे गेलेल्या माणसासाठीची प्रार्थना, म्हणायचं होतं.

कद्दीश अरामी भाषेत आहे. मृत्यूचा त्यात उल्लेखही नाही, फक्त देवाच्या नावाची थोरवी. पण ते एकट्याने म्हणता येत नाही. 'आमेन' म्हणायला तेरा वर्षांवरचे दहा पुरुष लागतात, त्यालाच मिन्यान म्हणतात. ठाण्याच्या शआर हाशामाइम या सिनेगॉगमध्ये, म्हणजे आमच्या प्रार्थनागृहात, माणसांची मोजदाद करायची वेळ माझ्यावर कधी आली नव्हती.

कोबेचं सिनेगॉग, ओहेल श्लोमो, कितानोच्या चढावर आहे. 1970 मध्ये बांधलेलं. आसपास जैन मंदिर आहे, 1935 ची मशीद आहे. (आमची आजी सिनेगॉगला मशीदच म्हणायची.) 1940-41 मध्ये लिथुआनियातून तिथले जपानी वाणिज्यदूत सुगिहारा यांचा व्हिसा घेऊन निघालेले हजारो ज्यू निर्वासित याच शहरात येऊन राहिले, आणि इथल्या मूठभर ज्यूंनी त्यांना सांभाळलं. आज दहा जण जमवताना जीव मेटाकुटीला येतो.

आम्ही माणसं एक, दोन, तीन अशी मोजत नाही. 28व्या स्तोत्रात दहा शब्दांची एक ओळ आहे, 'होशिआ एत अमेखा' अशी सुरू होणारी. प्रत्येकाला त्यातला एकेक शब्द. नववा शब्द 'अद', म्हणजे 'पर्यंत', आणि दहावा 'हाओलाम'. पहिल्याच महिन्यात दोनदा आम्ही 'अद'वर अडलो. एकदा तासभर दाराकडे बघत बसलो, मग प्रार्थना झाली, कद्दीश राहिलं. त्या रात्री पप्पांना दुसऱ्यांदा माती दिल्यासारखं वाटलं.

मग शब्बाथच्या, म्हणजे आमच्या आठवड्याच्या पवित्र दिवसाच्या, प्रार्थनेसाठी मी बुधवारपासूनच फोन करायला लागलो. ओसाकाला कामानिमित्त आलेले, विद्यापीठातले, मोत्यांचे व्यापारी, जो सापडेल तो. कितानोत जुने परदेशी बंगले बघायला पर्यटक येतात. कानावर हिब्रू पडलं की थांबवून विचारायचो. कुणी नाही म्हणालं तर वाईट वाटायचं, पण पाठीवर बॅग घेतलेली दोन पोरं गाडी सोडून माझ्याबरोबर चढ चढली, तेही विसरणार नाही. एरवीच्या दिवशी मिन्यानची आशाच नव्हती. तेव्हा रोज मिश्नेचा, म्हणजे ज्यू धर्मनियमांच्या जुन्या ग्रंथाचा, एक उतारा पप्पांच्या नावाने वाचायचो. हिब्रूत 'मिश्ना' आणि 'नेशामा', म्हणजे आत्मा, यांची अक्षरं तीच आहेत.

आई दर रविवारी फोनवर आधी एकच विचारायची, "किती जण होते रे?"

तिने एलियाहू हन्नाबीला, म्हणजे संदेष्टा एलियाहूला, मलिद्याचा नवस बोलला होता. शेवटच्या कद्दीशनंतर मी तो इथेच केला. भारतीय दुकानातले पोहे, फ्रीजरमधलं खोबरं, साखर, वेलची, खजूर, केळी, सफरचंद. कुणालाच तो माहीत नव्हता, तरी ताट रिकामं झालं. मी फोन फिरवून आईला ते दाखवलं, तर म्हणाली, "खोबरं कमी पडलंय."

आता पहिला वर्षदिन येतोय. तीन आठवडे आधीच फोन सुरू केलेत. सात जण नक्की झाले आहेत.