मंगल कार्यालयाला दिलेला पत्ता

मागच्या वर्षी आईच्या रक्ताचा रिपोर्ट मला तीन दिवस सापडला नाही. लॅबवाले म्हणत होते, मेल केलाय. मी म्हणत होते, आलाच नाही. शेवटी तो जीमेलच्या ट्रॅशमध्ये निघाला. ज्या पत्त्यावरून रिपोर्ट आला होता, त्याच पत्त्यावरून लॅब एक दिवसाआड ‘फुल बॉडी चेकअपवर सूट’ पाठवायची. रात्री जेवणं आटोपली की जाहिरातींचे पन्नासच्या पन्नास मेल एकदम टिक करून उडवायची सवय मला लागली होती, त्यात तोही गेला. ट्रॅशमधला मेल ३० दिवस राहतो म्हणून हाती तरी लागला. क्रिएटिनिन, म्हणजे मूत्रपिंडं कशी चालली आहेत हे सांगणारा आकडा, वाढून १.९ झालं होतं. गुडघेदुखीच्या गोळ्यांचा मूत्रपिंडांवर ताण येऊ शकतो, म्हणून डॉक्टरांनी त्या त्याच दिवशी बंद केल्या. मधल्या तीन दिवसांत आईने सहा गोळ्या घेतल्या होत्या. ती सल अजून गेलेली नाही.

त्या रात्रीच ठरवलं, हा पसारा आवरायचा. जीमेलच्या शोधपट्टीत ‘अनसबस्क्राइब’ (यादीतून नाव काढा) हा जाहिरातींच्या मेलमध्ये असणारा शब्द इंग्रजीत टाकला आणि कोण कोण मेल पाठवतंय ते वहीत लिहीत बसले. चपलांचं दुकान, दोन विमा कंपन्या, कधीकाळी एकदाच वापरलेलं बस बुकिंग, योगाचे वर्ग. चार पानं भरली. ओळखीच्या नावांना पाठवणाऱ्याच्या नावाशेजारच्या बटणाने रजा दिली. २०२४पासून गूगल आणि याहूने मोठ्या संख्येने जाहिरातींचे मेल पाठवणाऱ्यांना एका क्लिकमध्ये नाव काढायची सोय देणं भाग पाडलंय, त्यामुळे हे काम पूर्वीइतकं चिवट राहिलेलं नाही. ज्यांचं नावही कधी ऐकलं नव्हतं, त्यांच्या मेलमधल्या लिंकला मात्र हात लावला नाही. तिथे क्लिक करणं म्हणजे या पत्त्यावर माणूस राहतो, असं आपणच सांगणं. ते सगळे थेट स्पॅममध्ये.

दोन आठवडे शांतता होती. मग पुन्हा सुरू झालं, कारण पत्ता मी तोच वाटत होते.

भाच्याने युक्ती सांगितली: जीमेलच्या पत्त्यात आपल्या नावानंतर, @ च्या आधी, अधिकचं (+) चिन्ह टाकून दुकानाचं नाव लिही, मेल तुलाच येईल. येतो खरा. पण कितीतरी फॉर्म ते चिन्ह घेतच नाहीत, ‘ईमेल चुकीचा आहे’ म्हणतात. शिवाय चिन्हापुढचा भाग कापला की खरा पत्ता कुणाच्याही हाती.

मग दहा मिनिटांत नाहीसे होणारे पत्ते वापरू लागले आणि तिथे मोठी चूक झाली. पाण्याच्या फिल्टरची वॉरंटी मी तसल्या पत्त्यावर नोंदवली. आठ महिन्यांनी पंप बंद पडला. तक्रार करायची तर लॉगिन हवं, लॉगिनचा ओटीपी मेलवर, आणि तो पत्ता जगात उरलेला नाही. कागदी बिल फाइलला लावलेलं होतं म्हणून दुकानदाराने मध्ये पडून काम करून दिलं, पण अकरा दिवस पाणी उकळून प्यायलो. असल्या काही सेवांमधल्या पेट्या तर उघड्या असतात, तेच नाव टाकणारा कुणीही त्यातले मेल वाचू शकतो. एखादी पीडीएफ उतरवून घ्यायची आणि पुन्हा तिकडे फिरकायचं नाही, एवढ्यापुरतेच ते पत्ते बरे.

मला खरा उपयोग झाला तो टोपणपत्त्यांचा. प्रत्येक ठिकाणी वेगळा पत्ता द्यायचा, मेल आपल्या नेहमीच्या पेटीत येतो, आणि नको झाला की तेवढा एक बंद करायचा. फायरफॉक्स रिले, सिंपललॉगिन, डकडकगो या सेवा असे काही पत्ते फुकट देतात. डकडकगोचे पत्ते मी बातमीपत्रांसाठी ठेवलेत. आपण मेल कधी उघडला हे पाठवणाऱ्याला कळवणारी अदृश्य चित्रं ते वाटेतच काढून टाकतात. बाकी सगळं सिंपललॉगिनवर. तिथे पत्त्याच्या सुरुवातीला आपल्याला हवा तो शब्द, त्यानंतर त्यांनी जोडलेली अक्षरं, आणि प्रत्येक पत्त्यासमोर चालू-बंदचं बटण.

दिवाळीनंतर भाच्याच्या लग्नासाठी एका मंगल कार्यालयाच्या वेबसाइटवर चौकशी केली. पत्ता नवा केला, सुरुवातीलाच कार्यालयाचं नाव घालून. तो दुसऱ्या कुणालाही दिला नव्हता. तीन आठवड्यांत त्यावर पर्सनल लोन आलं, कर्जतचे प्लॉट आले, केस उगवण्याचं तेल आलं. मी कार्यालयात फोन लावला.

“मॅडम, आमच्याकडून कुणाला काही जात नाही.”

मी पत्ता एकेक अक्षर वाचून दाखवला. तुमचंच नाव आहे यात, हा मी फक्त तुम्हाला दिलाय, म्हटलं. पलीकडे बराच वेळ नुसता पंख्याचा आवाज. मग, “साहेबांना विचारून सांगतो.” फोन आला नाही. मी पत्ता बंद केला आणि हॉल दुसरीकडे घेतला. इतकी वर्षं माझा पत्ता कोण कुणाला देतं, याचा नुसता संशय असायचा. त्या दिवशी पुरावा हातात होता.

बँक, आयकर, पीएफ, आधार, दवाखाना इथे मी टोपणपत्ता देत नाही. मधली सेवा उद्या बंद पडली तर तिथले मेल अडकतील, आणि ते अडकून चालणार नाहीत. लॅबकडेही माझा खराच पत्ता आहे. फक्त फिल्टर लावलाय: त्यांच्या मेलच्या विषयात ‘रिपोर्ट’ शब्द असला की तारा लावायचा, महत्त्वाचा म्हणून दाखवायचा, स्पॅममध्ये कधीच टाकायचा नाही. त्यांच्या सवलती मात्र वाचल्याविनाच बाजूला जातात.

गेल्या सोमवारी सकाळी चहा गाळत होते तेव्हा फोन वाजला. पेटीत सगळ्यात वर तारा लागलेला एकच मेल.

“किती आलं गं?” आईने खोलीतून विचारलं.

“एक पूर्णांक तीन,” मी म्हटलं, आणि रिपोर्ट डॉक्टरांना पुढे पाठवला.