फुली म्हणजे हो की नाही?

सकाळी पहिलाच फोन शिबिराला येणाऱ्या एका बाईंचा. "तुमच्या फॉर्ममधल्या चौकोनावर केव्हाची क्लिक करतेय, पण खूणच उमटत नाही." मॅक वापरता का, असं विचारलं. हो म्हणाल्या आणि माझ्या लक्षात आलं.

आरोग्याच्या माहितीचा तो वर्ड फॉर्म जुन्या फायलींतून उचललेला, त्यातले चौकोन अ‍ॅक्टिव्हएक्सचे, म्हणजे मायक्रोसॉफ्टच्या एका जुन्या तंत्राचे. ते विंडोजवरच्या वर्डमध्येच चालतात. वर्डमध्ये दिसायला सारखेच असलेले चौकोन तीन जातींचे असतात. पहिली ही. दुसरी जात जुन्या फॉर्म फील्डची. दस्तऐवज फक्त फॉर्म भरण्यापुरता कुलूपबंद केल्याशिवाय त्यांच्यात क्लिक करून खूण करता येत नाही. तिसरी कंटेंट कंट्रोलची, म्हणजे माहिती भरण्यासाठी वर्डमध्ये घालता येणाऱ्या नव्या चौकटींची. त्यातला चेकबॉक्स वर्ड २०१० मध्ये आला. मी सगळे चौकोन या तिसऱ्या जातीचे केले, फॉर्म पुन्हा पाठवला आणि दुसऱ्या कामाला लागले.

दुपारपर्यंत बरेच फॉर्म भरून आले. एका गृहस्थांकडे वर्डऐवजी लिबरऑफिस हे मोफत सॉफ्टवेअर होतं, तेही जुनं. तिथे असे चौकोन क्लिक करून बदलण्याची सोय ७.४ या आवृत्तीत, २०२२ साली आली. त्यांनी सरळ चौकोनापुढे 'हो' असं टाइप केलं होतं. तेव्हा मला ते अडाणीपणाचं वाटलं होतं.

तीनच्या सुमारास यादी करणारी सहकारी म्हणाली, "औषधाची अ‍ॅलर्जी फक्त त्या 'हो' लिहिणाऱ्यांना आहे. बाकी दोघांनी फुली मारलीय, उरलेल्यांनी रिकामं सोडलंय."

"फुली मारलीय म्हणजे?"

"म्हणजे नाही ना!"

माझ्या पोटात गोळाच आला. वर्डमध्ये हा चेकबॉक्स निवडला की मुळात फुलीचाच चौकोन उमटतो. पण वहीतली फुली म्हणजे चूक, हे आपल्या अंगवळणी पडलेलं. तिने वाचलं ते तिच्या परीने बरोबरच होतं.

खात्री करायला मी एका फॉर्मची प्रत काढली, फाईलच्या नावाच्या शेवटचं डीओसीएक्स काढून झिप केलं आणि आतली डॉक्युमेंट नावाची एक्सएमएल फाईल उघडली. वर्डची डीओसीएक्स फाईल म्हणजे खरं तर अनेक फायली एकत्र बांधलेली झिपच असते. चेकबॉक्सच्या नोंदीत 'चेक्ड'पुढे १ होता, म्हणजे चौकोन निवडलेला. त्याखाली फुलीच्या चौकोनाचा युनिकोड क्रमांक (प्रत्येक अक्षराला नि चिन्हाला ठरवून दिलेला क्रमांक) २६१२ आणि रिकाम्याचा २६१०. दुसऱ्या फॉर्ममध्येही तेच. शंकाच उरली नाही.

दोघांनाही फोन लावले. एकाला एक वेदनाशामक गोळी चालत नव्हती. दुसऱ्या बाई म्हणाल्या, "पेनिसिलिन. मागे अंगभर गांधी उठल्या होत्या. फॉर्ममध्ये खूण केली होती की मी!" केली होतीच त्यांनी.

संध्याकाळी चेकबॉक्सच्या प्रॉपर्टीजमध्ये जाऊन फुलीच्या जागी २६११, म्हणजे टिकचा चौकोन, बसवला. विंगडिंग्ज या चिन्हांच्या फॉन्टमधली टिक मुद्दाम टाळली, कारण ती त्या फॉन्टच्याच भरवशावर असते. फॉन्ट नसलेल्या मशीनवर तिथे भलतंच चिन्ह दिसू शकतं. युनिकोड क्रमांक असला की फॉन्ट बदलला तरी खूण तीच राहते.

आणि अ‍ॅलर्जीच्या प्रश्नाखाली एक रिकामी ओळ घातली : 'असल्यास औषधाचं नाव लिहा, नसल्यास नाही असं लिहा.'