साक्षीदार क्रमांक सात

अकरा वर्षं मी कोर्टात जबान्या टाइप केल्या. आता नगरमध्ये माझं डीटीपीचं दुकान आहे. लग्नपत्रिका, कार्यअहवाल, स्मरणिका अशी कामं असतात. 2019 च्या उन्हाळ्यात एका चर्चचं काम आलं. मंडळीतल्या म्हाताऱ्या माणसांच्या साक्षी रेकॉर्ड करायच्या, उतरवून काढायच्या आणि स्मरणिकेत लावायच्या. 'साक्ष' म्हटल्यावर मला वाटलं, हे तर आपलंच जुनं काम. फक्त इथे उलटतपासणी नाही.

चर्चमधली साक्ष म्हणजे देवाने माझ्यासाठी काय केलं ते चारचौघांपुढे उभं राहून सांगणं. दारू सुटली, ऑपरेशन निभावलं, पोरीचं जमलं. पहिल्या सहा साक्षी अशाच, एका साच्यातल्या होत्या. आधी अंधार, मग एक प्रार्थना, मग उजेड, शेवटी आमेन. खरं सांगायचं तर तिसऱ्यानंतर मी कानाला हेडफोन लावून नुसती बोटं चालवत होतो.

सातव्या आजी एक्याऐंशीच्या. घराच्या ओट्यावर बसून त्यांनी सुरुवात केली, "मंडळीला माझा सलाम. मी आठ वर्षांची व्हते. मुलूख गुजरातचा, दुष्काळ पडलेला. बाप घरीच मेला. आई मला घेऊन निघाली आन् टेसनावरल्या गर्दीत तिचा हात सुटला. रमाबाईंच्या मान्सांनी मला केडगावला आणली."

हे केडगाव नगरचं नव्हे, दौंडजवळचं, पंडिता रमाबाईंच्या मुक्ती मिशनचं.

"पहिलं माझं डोकं भादरलं, उवा व्हत्या ना. मंग वाटीभर पेज. आणखी मागितली तर देईनात, आतडं फाटंल म्हनं. मी रातभर 'बा, बा' करून रडले. बाया म्हनायच्या, येईल गं तुझा बाप. तशी मी जास्तच रडायचे."

अंगावर काटा आला. दुकानात येऊन उतरवायला बसलो आणि बोटं थांबली. रमाबाईंनी गुजरातेतून दुष्काळातल्या मुली आणल्या त्या 1900 साली. आजींचा जन्म 1938 चा. शिवाय बाप आधीच घरी मेलेला, मग पोर रात्रभर बापाला हाका का मारेल? कोर्टात असता तर वकिलाने हा साक्षीदार दोन प्रश्नांत उभा फाडला असता.

सेक्रेटरींना फोन केला. ते वैतागले. "अहो, ती त्यांच्या आजीची गोष्ट आहे. सगळ्यांना माहितीये. तुम्ही 'मी'च्या जागी 'माझी आजी' करा आणि मोकळे व्हा." फाइंड-रिप्लेसचं काम, दोन मिनिटांचं. पण जबानीत स्वतःचा शब्द घालायचा नाही ही सवय हाडात मुरलेली. मी पुन्हा ओट्यावर गेलो.

आजी रागावल्या नाहीत. "आजी असंच सांगायची. ती गेल्यावर आई सांगायची. आईच्या मागं मी उभी राहिले. 'ती' म्हनून कसं सांगू? मंग ती गोष्ट झाली, लेकरा."

कायद्याच्या भाषेत याला ऐकीव पुरावा म्हणतात आणि त्याला सहसा कोणी विचारत नाही. हे मी पाळकसाहेबांना ऐकवलं. त्यांनी काही न बोलता बायबल काढून त्यातल्या 'अनुवाद' नावाच्या पुस्तकाचा सव्विसावा अध्याय पुढे केला. पहिलं पीक टोपलीत घालून देवापुढे न्यायचं आणि म्हणायचं, माझा पूर्वज भटका अरामी होता, तो मिसरात, म्हणजे इजिप्तमध्ये गेला. इथवर 'तो'. पुढच्याच वाक्यात मिसरी लोकांनी 'आम्हांला' छळलं. म्हणणारा शेतकरी मात्र पूर्वज मिसरातून सुटल्यावर कितीतरी पिढ्यांनी जन्मलेला. "आता याचं फाइंड-रिप्लेस करणार का?" ते म्हणाले. मला उत्तर सुचलं नाही. पण बापाची शंका डोक्यातून जाईना.

ती फिटली कागदवाल्या शेठजींकडे. बिल द्यायला गेलो तर आतून नातू धावत आला, "दादा, बा बोलावे छे." मी विचारलं, बा कोण? शेठजी म्हणाले, "माझी आई. आमच्यात आईला बा म्हणतात."

मी तिथेच मोढ्यावर बसलो. आठ वर्षांची पोर गर्दीत हात सुटलेल्या आईला हाका मारत होती. आणि केडगावच्या मराठी बायका तिला मेलेला बाप येईल म्हणून समजावत होत्या. पुढच्या दोन पिढ्यांना गुजराती येत नव्हतं. तरी तो शब्द कोणी बदलला नाही. अर्थ लागत नव्हता, तसाच पुढे दिला.

सेक्रेटरींना सांगून टाकलं, 'मी' तसाच राहील. हवं तर वर एका ओळीत लिहा की ही साक्ष आजीकडून नातीकडे आलेली आहे. ते कुरकुरले, पण तयार झाले.

प्रूफ घेऊन आजींकडे गेलो आणि 'बा'चं सांगितलं. त्या बराच वेळ हातातल्या चष्म्याची काडी उघडमीट करत राहिल्या. मग म्हणाल्या, "म्हंजे इतकी वर्षं मी भलत्यालाच हाक मारत व्हते की."

आत नात भांडी घासत होती. आजींनी तिला हाक मारली. "ये गं, बस इथं. त्या 'बा'चं परत नीट सांगते."