दाराबाहेरची पन्नास मिनिटं

२०२३ चा मे महिना. शाळेची टर्म टू, म्हणजे वर्षातलं दुसरं सत्र, चालू होती. लेकीचा ब्लेझर ड्राय क्लीनिंगला द्यायला काढला, तर उजव्या बाहीची कड हातात आली. दातांनी कुरतडून कुरतडून धागे सुटले होते. मी तिला रागावणारच होते, तेवढ्यात लक्षात आलं की दर रविवारी रात्री हिचं पोट दुखायला लागून दीड महिना झालाय.

ती तेव्हा आठवीत होती. मेलबर्नमधली मुलींची शाळा, अँग्लिकन म्हणजे चर्च ऑफ इंग्लंडच्या पंथाची, सातवीत प्रवेश घेतलेला. मी वाढले पुण्यात, गुरुवार पेठेत. अँग्लिकन म्हणजे पंचहौदचं चर्च आणि १८९० साली तिथे चहा घेतला म्हणून टिळक-रानड्यांवर ग्रामण्य (जातीतून बहिष्काराचं प्रकरण) झालं ती हकीकत, एवढीच माझी ओळख. शाळेच्या माहितीपत्रकात ‘पास्टोरल केअर’ (मुलींची विचारपूस आणि काळजी) असं एक पान होतं. मला वाटलं धर्मशिक्षण असेल, म्हणून उलटून टाकलं होतं. आपल्याकडचे मराठी ख्रिस्ती लोक चर्चच्या धर्मगुरूला ‘पाळक’ म्हणतात, तोच हा शब्द. कळपातलं एखादं मागे राहिलं तर वळून बघणारा.

वळून बघितलं ते होमरूम टीचरने. रोज सकाळी दहा-पंधरा मिनिटं हजेरीला भेटते, एवढाच तिचा संबंध. तिचा फोन आला. ‘काही घडलंय असं नाही, पण ती हल्ली लंचला एकटीच लायब्ररीत असते. घरी कशी आहे?’ मी ब्लेझरचं सांगितलं. दोन दिवसांत आठवीच्या प्रमुख बाईंनी आम्हा दोघांना बोलावलं.

त्यांच्यासमोर एकच कागद होता. लेकीच्या गैरहजेऱ्या आणि उशिरा येणं, तारखा आणि वार. एकूण नऊ, त्यातले सात सोमवार किंवा गुरुवार. दोन्ही दिवशी पीई, म्हणजे खेळ-व्यायामाचा तास. वर्गात मुली तेवीस. पीईच्या बाई म्हणायच्या ‘जोड्या लावा’, आणि शेवटी एक मुलगी उरायची. सातवीपासूनची तिची मैत्रीण दुसऱ्या घोळक्यात गेली होती, त्यांच्या चॅट ग्रुपमधून हिला काढलं होतं. आम्हाला यातलं काही माहीत नव्हतं. नवरा तो कागद कितीतरी वेळ हातात धरून बसला.

मग शाळेच्या सायकॉलॉजिस्ट. आधी संमतीचा फॉर्म आणि सही करायच्या आधी त्यांचं स्पष्ट बोलणं: ‘ती मला जे सांगेल ते मी तुम्हाला सांगणार नाही. तिच्या किंवा दुसऱ्या कुणाच्या जिवाला धोका वाटला तर सांगेन. कुणी तिला इजा करत असेल तर मला कायद्यानेच कळवावं लागतं. बाकी सगळं तिचं.’

या सगळ्यात मला सर्वांत जड गेलं ते हे. फॉर्म, फोन, डॉक्टर, पैसे, सगळं जमलं. पण माझ्या मुलीच्या मनात काय चाललंय ते एका परक्या बाईला कळणार आणि मला नाही? आमच्या घरात आईपासून काही लपवायचं नसतं असंच मी शिकले होते. सही केली आणि घरी येताना ट्रॅममध्ये मला रडू आवरलं नाही.

आणखी एक धास्ती होती: ही शाळेची माणसं आपल्या पोरीला चर्चकडे वळवायला बघतील का? आठवड्याला चॅपल, म्हणजे प्रार्थना, असतेच, सगळ्या मुली बसतात. शाळेच्या चॅप्लिन, म्हणजे शाळेच्या धर्मगुरू, एक बाईच आहेत. (ऑस्ट्रेलियात बायकांना अँग्लिकन धर्मगुरूपदाची दीक्षा १९९२ पासून मिळते.) मी त्यांनाच जाऊन विचारलं. त्या म्हणाल्या, ‘माझ्याकडे यायचं की नाही ते ती ठरवेल. आली तर चहा देईन आणि ऐकेन.’ लेक चार-पाच वेळा गेली असावी. धर्माचा विषय निघाला नाही, एवढं तिने आपणहून सांगितलं.

शाळेतल्या भेटी फुकट, पण एका सायकॉलॉजिस्टकडे अख्खी शाळा असते. म्हणून बाहेरच्या सायकॉलॉजिस्टची गरज होतीच. त्यासाठी आधी जीपीकडे (फॅमिली डॉक्टरकडे) जायचं आणि अपॉइंटमेंट घेताना लाँग कन्सल्टेशन, म्हणजे जास्त वेळाची भेट, मागायचं, हे लक्षात ठेवा. जीपी ‘मेंटल हेल्थ ट्रीटमेंट प्लॅन’ करतात. त्यावर मेडिकेअरचं (सरकारी आरोग्य विम्याचं) अनुदान मिळतं, वर्षाला १० भेटींपर्यंत. कोविडच्या काळात २० होत्या, डिसेंबर २०२२ अखेर त्या परत १० वर आल्या. आधी सहा, मग जीपीकडून पुन्हा तपासणी, मग उरलेल्या चार. वरचा फरक आपल्या खिशातून, आणि तो थोडाथोडका नसतो. तात्पुरत्या व्हिसावरच्या बहुतेक भारतीय कुटुंबांना मेडिकेअरच नसतं. आपल्या लोकांशी बोलताना ही अडचण सारखी समोर येते, आणि त्यात आपण एकमेकांना सांगतही नाही. जीपींनी ‘हेडस्पेस’ या मानसिक आरोग्याच्या केंद्राचंही नाव दिलं होतं, १२ ते २५ वयासाठी. आम्ही रांगेत थांबलो ते खाजगी दवाखान्यात, सात आठवडे.

त्या सात आठवड्यांत शाळेनेच सांभाळलं. तिला एक कार्ड दिलं. बोटभर लांबीचं, लॅमिनेट केलेलं, निळं. ते बाकावर ठेवायचं आणि वर्गातून उठून जायचं, कुणी कारण विचारणार नाही. मागे किड्स हेल्पलाइनचा (मुलांना फोनवर बोलता येतं ती सेवा) नंबर चिकटवलेला, १८०० ५५ १८००, रात्री-अपरात्रीसाठी. पीईला जोड्या आता बाई नंबर घालून लावत होत्या. महिन्याभरात तिने कार्ड दोनदाच वापरलं, पण रोज खिशात असायचं. धुवायला कपडे घेताना मी आधी खिसा चाचपायचे.

पुण्याहून माझ्या सासूबाई रोज फोनवर विचारायच्या. ‘सायकॉलॉजिस्ट’ म्हटल्यावर क्षणभर गप्प झाल्या, मग म्हणाल्या, ‘जे करताय ते करा, पण पोरीची दृष्ट काढ.’ मी काढली. मीठ-मोहऱ्या ओवाळताना ती स्वयंपाकघरात पाटावर शांत बसली, आणि झाल्यावर माझ्या मांडीवर डोकं ठेवून पडली. तेव्हाही मी काही विचारलं नाही. ते मला तोवर थोडंसं जमायला लागलं होतं.

ऑगस्टमध्ये दवाखान्यातल्या भेटी सुरू झाल्या. ती आत, मी कॉरिडॉरमध्ये खुर्चीवर. पन्नास मिनिटं. पहिल्यांदा गाडीत बसल्या बसल्या मी विचारलं, ‘काय बोललीस?’ तिने तोंड खिडकीकडे फिरवलं ते घर येईपर्यंत. शाळेच्या सायकॉलॉजिस्ट बाईंना हे सांगितलं, तर त्या म्हणाल्या, ‘तिला भूक लागली असेल, एवढंच धरून चला.’ पुढच्या वेळेपासून डब्यात गूळपोळी घेऊन जायला लागले. ती अर्धी खायची, अर्धी मला द्यायची, आणि कुठल्यातरी वेगळ्याच विषयावर बोलत सुटायची. चौथ्या की पाचव्या खेपेला सिग्नलला थांबलो असताना म्हणाली, ‘आई, मला वाटायचं माझ्यातच काहीतरी खराब आहे.’ सिग्नल हिरवा झाला. मी गाडी चालवत राहिले आणि ‘हं’ म्हणाले. त्याहून जास्त काही बोलले असते, तर ती तिथेच थांबली असती.

सगळं सुरळीत झालं असं नाही. टर्म फोरमध्ये पीईच्या बाई रजेवर गेल्या, बदली बाईंना कुणी काही सांगितलं नव्हतं, आणि पुन्हा ‘जोड्या लावा’ झालं. लेक कार्ड बाकावर ठेवायलाही विसरली, थेट बाहेर पडली. प्रमुख बाईंनी त्याच दिवशी फोन करून माफी मागितली. मला राग आला होता, आणि मी तो तसाच शांतपणे सांगितला. एवढी माणसं लक्ष ठेवतात, पण एकाकडून दुसऱ्याकडे निरोप गेला नाही, की नेमकी तिथेच पोर पडते.

डिसेंबरमधल्या शेवटच्या बैठकीत लेक स्वतः बोलली. चित्रकलेच्या वर्गातल्या दोन मुलींबरोबर आता ती डबा खाते. पंधरवड्यातून एकदा शाळेच्या सायकॉलॉजिस्ट बाईंकडे जाणं चालू ठेवायचंय. कार्ड परत द्यायचं नाही. मग माझ्याकडे बघून म्हणाली, ‘आता पाच मिनिटं बाहेर बसशील?’ मी बसले.

नववीला होमरूम टीचर बदलतात, प्रमुखही बदलतात. जानेवारीच्या शेवटी शाळा उघडण्याआधी नव्या बाईंना ईमेल लिहायचा आहे, पीईच्या जोड्यांचं सगळ्यात वर. मसुदा लेकीला वाचून दाखवलाय. तिने एक ओळ काढायला सांगितली, मी ती काढली.