रात्री १२.५० ची गोळी

मी वकील आहे, पण रात्री साडेअकराला जिची आठवण यावी अशातली नाही. लिव्ह अँड लायसन्स, बक्षीसपत्र, सोसायटीचं कन्व्हेयन्स, दस्त नोंदणी, हे माझं काम. अर्धी वकिली दुय्यम निबंधकाच्या कार्यालयातल्या बाकड्यावर टोकन नंबरची वाट बघण्यात गेली. पण नात्यात वकील एकच असला की तो सगळ्या कोर्टांचा होतो. डोळ्यांच्या डॉक्टरला लग्नात लोक गुडघे दाखवतात, तसं.

तो शनिवार होता. मावशी फोनवर एवढंच म्हणाली, "ओंकारला पोलीस घेऊन गेलेत गं. नऊपासून."

ओंकार तिचा मुलगा. ठाण्याच्या वर्तकनगरमधल्या तिच्या सोसायटीत पार्किंगवरून जुंपली होती. शेजारचे काका रॅम्पवर पडले आणि मनगट धरून बसले. ओंकारने ढकललं की झटापटीत तोल गेला, यावर दोन्ही घरांचं अजून एकमत नाही. ते कोर्ट ठरवेल, मी त्यात पडत नाही.

"आपले काका कुठेत?"

"एटीएमला."

कुणा 'ओळखीच्या माणसा'ने काकांना, म्हणजे मावशीच्या यजमानांना, सांगितलं होतं की साहेबांशी बोलणं झालंय, बाराच्या आत पंचवीस हजार दिले तर तीनशे सात लागणार नाही. तीनशे सात म्हणजे खुनाचा प्रयत्न. १ जुलै २०२४ पासून नव्या कायद्यात ते कलम १०९ झालं, पण बोलताना वकील काय आणि पोलीस काय, जुनेच आकडे वापरतात. खरं सांगते, आकडा ऐकून माझ्याही पोटात गोळा आला. दुखावलेल्या मनगटावर तीनशे सात कुठून येईल, हे सुचायला मला दोन मिनिटं लागली. काकांना फोन करून म्हटलं, "पैसे काढलेत तर खिशातच ठेवा. कुणालाही देऊ नका."

मग कॉलेजच्या मित्राला उठवलं. तो फौजदारी बाजूला काम करतो. जांभई देत त्याने सांगितलं, "कलम कोणतं ते बघ. त्याला किती वाजता आणलं ते कुठेतरी कागदावर येऊ दे. आणि मावशींना भांडणाबद्दल अवाक्षर बोलू देऊ नकोस. 'मुद्दाम नाही केलं हो त्याने' एवढंही नको. त्यात 'केलं' आलंच."

मावशीला गप्प ठेवणं हे त्या रात्रीचं सगळ्यात अवघड काम होतं.

ठाण्यातल्या ठाण्यात (हा विनोद मला तेव्हा अजिबात सुचला नव्हता) ओंकार भिंतीलगतच्या बाकावर बसला होता. मला बघून "ताई" म्हणाला आणि खाली बघू लागला. ठाणे अंमलदारांना विचारलं, अटक दाखवलीय का?

"अटक नाही मॅडम, चौकशीला बसवलंय."

"मग आम्ही घरी नेतो, सकाळी हजर करतो."

"तसं नाही नेता येणार."

याचा उलगडा मित्राने फोनवर केला. साधी दुखापत असेल तर गुन्हा अदखलपात्र, त्यात वॉरंटशिवाय अटकच करता येत नाही. हाड मोडलं असेल तर गंभीर दुखापत, कलम ११७, दखलपात्र. शेजारच्या काकांचा एक्स-रे व्हायचा होता. तो येईपर्यंत ओंकार ना अटकेत, ना मोकळा. आणि अटकेनंतर चोवीस तासांत मॅजिस्ट्रेटसमोर उभं करायचं तर घड्याळ अटक दाखवल्यावरच सुरू झालं असं म्हणायची सोय.

मला एकच गोष्ट येते, ती केली. अर्ज लिहिला. रात्री ९.१० पासून बसवलं आहे, कारण लेखी कळवावं, वकिलाला भेटू द्यावं. दोन प्रती काढून पोच मागितली. अंमलदारांनी वाचून कागद तसाच माझ्याकडे सरकवला. "साहेब राऊंडला गेलेत. सकाळी या."

तेवढ्यात मावशीने पिशवीतून गोळ्यांची स्ट्रिप काढली. ओंकारला लहानपणापासून फिट येतात. रात्रीची गोळी दहाला असते, ती चुकली होती. त्या गडबडीत हे माझ्याही लक्षात नव्हतं.

कोपऱ्यातले एक वयस्कर हवालदार लगेच उठले. त्यांनीच पाणी आणलं, स्वतःच्या चहातला अर्धा चहा ओंकारला दिला. मी म्हटलं, "काका, आजारी माणूस आहे, उद्या काही झालं तर तुमच्यावर यायला नको. गोळी दिल्याचं लिहून ठेवा ना." त्यांना ते पटलं. माझ्याच अर्जाच्या समासात त्यांनी लिहिलं, 'रात्रौ १२.५० वा. इसमास गोळी दिली', आणि खाली सही ठोकली. जो कागद कुणी घेत नव्हतं, त्यावर वेळ आली. त्यांच्या भल्या मनाचा मी फायदा घेतला असं अजूनही वाटतं.

पहाटे एक्स-रेचा अहवाल आला. हाड मोडलं होतं. अटक फॉर्मवर वेळ पडली ४.३०. कलम ११७(२), शिवाय शिवीगाळ आणि दमदाटीची दोन. मित्राला फोटो पाठवला. तो हसायलाच लागला. "अगं, सगळी जामीनपात्र आहेत! जामीन मागायचाही नाही, हक्काने घ्यायचा. ठाण्यातूनच सोडता येतं. ११७ ला सात वर्षांपर्यंत शिक्षा, म्हणजे सुप्रीम कोर्टाचा अर्नेश कुमारचा निकाल लागू, २०१४ पासून. आधी नोटीस द्यायची, अटकेची गरज का ते लिहायचं."

मी हे सगळं सांगितलं. उत्तर आलं, "आता कोर्टातच सांगा."

रविवार म्हणजे हॉलिडे कोर्ट. मेडिकल करून ओंकारला आणलं. बाकावर शेजारी एक बाई बसल्या होत्या, मुलाला मोबाईलचोरीत धरलेलं. वकील नव्हता. 'बघतो' म्हणणाऱ्या कुणाला तरी त्यांनी आदल्या दिवशी बारा हजार दिले होते आणि त्याचा फोन आता बंद लागत होता. कोठडीतल्या माणसाला फुकट वकील मिळतो, त्याला उत्पन्नाची अट नाही. हा १९८७ चा कायदा. मी त्यांना विधी सेवेच्या ड्युटीवरच्या वकीलबाईंकडे नेलं. पुढे काय झालं ते कळलं नाही.

आमचा पुकारा झाला. मॅजिस्ट्रेटनी कागद उलटले. "सगळी कलमं जामीनपात्र आहेत. इथे कशाला आणलंत?"

तपास अधिकारी म्हणाले, "जामीनदार हजर नव्हता."

मावशी मागून जवळजवळ ओरडलीच, "रात्रभर बाहेर पायरीवर होते मी!" मी तिचा हात दाबला. मित्राने समासातली ओळ पुढे केली. मॅजिस्ट्रेटनी ती वाचली, अटक फॉर्म वाचला, पुन्हा ती वाचली.

"अटक साडेचारची. मग बारा पन्नासला गोळी कुणाला दिली?"

उत्तर आलं नाही. खुलासा मागवण्याची नोंद झाली. त्या खुलाशाचं पुढे काय झालं, ते विचारायला आमच्यातलं कुणी गेलं नाही. रोज त्याच रस्त्याने जायचं असतं.

पंधरा हजारांचा रोख जामीन आणि जातमुचलका, म्हणजे ओंकारचं स्वतःचं हमीपत्र, झालं. रविवारी एवढी रोकड कुठून आणायची म्हणून मी पर्स उघडली, तर काकांनी खिशातून रात्रीचं पाकीट काढलं. पंधरा मोजून दिले, उरलेले दहा परत आत ठेवले आणि पावती घडी घालून चष्म्याच्या घरात ठेवली. केस संपली की हे पैसे परत मिळतात, हे सांगितल्यावर त्यांनी दोनदा विचारलं, "सगळे?"

केस चालू आहे. लिफ्टमध्ये शेजारचे काका भेटले की मावशी जिन्याने जाते. चौथा मजला आहे, गुडघे दुखतात. ओंकारने स्कूटर दुसऱ्या टोकाला लावायला सुरुवात केलीय. आणि मावशीच्या पर्समध्ये आता गोळ्यांची एक जादा स्ट्रिप असते, मंडईत जातानाही.