गीझरमधला अंड्याचा वास: चैत्रीपासून आजपर्यंत

ट्रॅव्हलरची, म्हणजे मुक्कामाला राहता येईल अशी करून घेतलेल्या आमच्या गाडीची, मागची नोंद बॅटरी बसवण्यापाशी थांबली होती. नंतर गाडी फिरायलाच लागली आणि लिहिणं राहिलं. आता लिहितोय ते अब्रूचा प्रश्न झाला म्हणून.

चैत्री एकादशी, पंढरपूर

आई माळकरी. पहाटे चारला उठून गाडीतच गरम पाण्यानं आंघोळ उरकायची आणि थेट दर्शनबारीत उभं राहायचं, एवढ्यासाठी ती या गाडीत बसायला तयार झाली होती. एरवी तिच्या मते गाडीत न्हाणीघर करणं म्हणजे डोकं फिरल्याचं लक्षण. शॉवर सुरू झाल्याचा आवाज आला आणि मिनिटभरात दार उघडून ती बाहेर.

"एकादशीला गाडीत अंडी उकडलीस काय रे?"

मी माउलीची शपथ घेतली. ती टॉवेल खांद्यावर टाकून चंद्रभागेकडे चालायला लागली. बायको म्हणाली, "अहो, मला रात्रीच आला होता वास. मला वाटलं कुठलं तरी बोअरचं पाणी भरलंय तुम्ही." तिच्या पायातली चांदीची जोडवी तपकिरी पडली होती. तेव्हा ते मी बघितलं, पण त्यावरून काही सुचलं मात्र नाही.

नवीन वाचणाऱ्यांसाठी मांडणी थोडक्यात: सीटखाली ८० लिटरची पाण्याची टाकी, १२ व्होल्टचा पंप, १५ लिटरचा घरगुती गीझर, आतून काचेच्या मुलाम्याचा, कॉइल २ किलोवॅटची. ३ केव्हीएचा इन्व्हर्टर आणि २०० अँपियर-अवरची लिथियम बॅटरी. परदेशातल्या कॅम्परला मिळतो तसला खास गीझर इथे परवडत नाही, आणि बिघडला तर सोलापुरात कोण उघडणार? हा कुठलाही गीझरवाला उघडतो.

घरी परतल्यावर

पहिला संशय सिंकच्या ट्रॅपवर, म्हणजे खालच्या वाकड्या पाइपवर. त्याआधी गाडी तीन आठवडे आमच्या जुळे सोलापूर भागात उन्हात उभी होती. ट्रॅपमधलं पाणी उडून गेलं की खालच्या सांडपाण्याच्या टाकीतला वास थेट वर येतो. ट्रॅप भरला, सांडपाण्याची टाकी धुतली, रबरी पाइप बदलला. अख्खा रविवार गेला. गीझर लावला, वास जसाच्या तसा.

जे आधी करायला हवं होतं ते मग केलं. दोन स्टीलचे पेले घेतले. एकात थंड नळाचं पाणी, एकात गरम. दोन्ही गाडीपासून लांब अंगणात नेले, कारण गाडीच्या आत नाक फसतं. थंडाला काही नाही. गरमाला नाक लावलं आणि मागे सरलो. मग गीझर बंद ठेवून गरम बाजूचंच गार पाणी काढलं, त्यालाही वास. म्हणजे तापवल्यामुळे होत नव्हतं, गीझरच्या पोटात साठल्यामुळे होत होतं. दोन्ही नळांना वास असता तर दोष टाकीचा किंवा जिथून पाणी भरलं तिथला.

हा वास हायड्रोजन सल्फाइडचा. ड्रेनेजच्या मॅनहोलमध्ये माणसं मारतो तोच वायू, पण इथे मात्रा अगदी किरकोळ. पाण्यात लिटरला ०.०५ ते ०.१ मिलिग्रॅम असला तरी चवीला आणि नाकाला कळतो. करणारे जंतू हवेशिवाय जगतात. पाण्यातलं सल्फेट घेतात आणि सल्फाइड सोडतात. गीझरमध्ये टाकी गंजू नये म्हणून मॅग्नेशियमचा दांडा असतो, अॅनोड. तो टाकीच्या पत्र्याऐवजी स्वतः झिजतो, आणि झिजताना हायड्रोजन सुटतो. तो हायड्रोजन म्हणजे या जंतूंची मेजवानी. अमेरिकेतल्या कॅम्परवाल्यांनाही हा त्रास आहे, पण सबर्बन कंपनीच्या गीझरच्या मुलामा दिलेल्या टाकीला अॅनोड असतो, अॅटवूड कंपनीच्या अॅल्युमिनियमच्या टाकीला नसतो. त्यामुळे तिकडचे सल्ले वाचताना कोण कुठल्या टाकीबद्दल बोलतोय ते आधी बघा. मी बघितलं नाही, दोन रात्री फुकट वाचत बसलो.

दिवस ०: हायपो

मी टॉवेल कारखान्यात बॉयलरवर असतो, त्यामुळे सोडियम हायपोक्लोराइट, म्हणजे ब्लीचमधलं हायपो, आमच्या ओळखीचं. पण डाइंगमधलं (कापड रंगवण्याच्या खात्यातलं) ड्रमातलं हायपो मी घेतलं नाही. ते जास्त कडक असतं, आणि उन्हात किती उतरलंय ते कळत नाही. दुकानातलं साधं ५ टक्क्यांचं ब्लीच घेतलं, बिनवासाचं, बिनसाबणाचं. हिशोब सोपा: ५ टक्के म्हणजे १ मिलिलिटरमध्ये ५० मिलिग्रॅम क्लोरीन. लिटरला १ मिलिलिटर घातलं की ५० मिलिग्रॅम प्रति लिटर होतं. टाकी, गीझर आणि पाइप धरून शंभर लिटर, म्हणून शंभर मिलिलिटर.

गीझरची एमसीबी पाडली आणि वायर काढूनच ठेवली. हायपोचं पाणी तापवायचं नाही. आधी गीझरातलं जुनं पाणी खालून सोडलं: राखाडी, थोडं शेवाळी, तळाला पांढरा गाळ. मग टाकीत ब्लीच घालून पंप चालवला. प्रत्येक नळ, शॉवर, फ्लशचा पाइप, एकेक करून नाकाला क्लोरीन येईपर्यंत उघडला. नळाच्या तोंडाच्या जाळ्या आधी काढून ठेवल्या. चार तास पुरतात, मी रात्रभर ठेवलं.

सकाळी सगळं सोडून तीनदा धुतलं. क्लोरीन गेलं का ते ओटीच्या (ऑर्थोटोलिडीनच्या) थेंबांनी बघितलं, ग्रामपंचायतीत पाण्यात टीसीएल (ब्लीचिंग पावडर) टाकल्यावर बघतात तसंच. पिवळं आलं तर अजून धुवायचं.

एक गोष्ट जोरात सांगतो. क्षार काढायला व्हिनेगर किंवा लिंबूसत वापरणार असाल तर ते हायपो पूर्ण धुऊन गेल्यावर, दुसऱ्या दिवशी. दोन्ही एकत्र आले की क्लोरीन वायू सुटतो, आणि गाडीच्या न्हाणीत पळायला जागा नसते.

वास गेला. अक्कलकोटला जाऊन आलो, नळदुर्गला एक मुक्काम केला. खूश.

दिवस ११

परत आला.

दिवस १६: मास्तर

इथे माझं शहाणपण उघडं पडतं, म्हणून नीट लिहितो.

आमच्याकडे नळाला पाणी काही दिवसांआड येतं. त्यातलं शंभर लिटर गाडीला द्या म्हटलं की घरात भांडण. बोअरचं पाणी कडक. काळ्या दगडातून येतं, गीझरची कॉइल सहा महिन्यांत पांढरी करतं. आणि माझ्या हाताशी कारखान्याच्या बोअरचं पाणी मऊ करणारा सॉफ्टनर. रोज सकाळी बॉयलरच्या पाण्याची हार्डनेस टेस्ट मीच करतो: नमुन्यात इंडिकेटर टाकला आणि रंग वाइनसारखा लाल आला तर क्षार आहेत, थेट निळा आला तर पाणी मऊ. मालकांना विचारून गाडीची टाकी तिथूनच भरत होतो. मऊ पाणी, क्षार नाही, कॉइल चकचकीत. मागच्या नोंदीत त्याची फुशारकीही मारली होती.

जेवणाच्या सुट्टीत हे सगळं डाइंग मास्तरांना सांगितलं. ते शेंगाचटणी-भाकरी खात शांतपणे ऐकत होते. मग म्हणाले, "सॉफ्टनरनं काय जातंय?"

"कॅल्शियम, मॅग्नेशियम."

"आन् सल्फेट?"

मी गप्प.

"सल्फेट जातंय व्हय रे त्यातनं? मीठ घालून सोडियम देतोय आपण, बाकी सगळं तसंच येतंय की. बोअरमध्ये क्लोरीन तरी आहे का?"

दोन-चार प्रश्नांत माझ्या तीन चुका उघड्या पडल्या. सॉफ्टनर फक्त कॅल्शियम-मॅग्नेशियमच्या जागी सोडियम सोडतो, सल्फेट जसंच्या तसं पुढे जातं. म्हणजे जंतूंचं जेवण तयार. बोअरच्या पाण्यात क्लोरीन नाही, म्हणजे त्यांना अडवणारं कोणी नाही. नळाच्या पाण्यात थोडं तरी शिल्लक असतं. तिसरी चूक सगळ्यात लागली: मऊ केलेल्या पाण्यात मॅग्नेशियमचा दांडा जास्त वेगानं झिजतो. कडक पाण्यात त्याच्यावर क्षाराचा थर तरी बसतो, इथे तेही नाही. कॉइल वाचवायला गेलो आणि जंतूंना हायड्रोजन पुरवत बसलो.

चौथी चूक मास्तरांना सांगितली नाही. बॅटरी वाचावी म्हणून थर्मोस्टॅट ४५ अंशांवर होता. एप्रिलमधलं सोलापूर, बाहेर ४२, बंद गाडीत त्याहून वर, आणि गीझरात तीन आठवडे शिळं कोमट पाणी. दही लावायला याहून चांगली जागा शोधून सापडणार नाही.

दिवस १८: दांडा

वीज काढली, पाणी सोडलं, गीझर खाली उतरवला. कॉइलच्या खालच्या तबकडीचे नट सोडले, तबकडी हलकेच फिरवून बाहेर ओढली. कॉइल खरंच चकचकीत. शेजारचा दांडा मात्र बघण्यासारखा. नवीन असतो तेव्हा अंगठ्याएवढा जाड, गुळगुळीत. हा पोरांनी चावून टाकलेल्या उसाच्या कांड्यासारखा: वरचा भाग थोडा शाबूत, खाली खड्डेच खड्डे, आणि टोकाला आतली लोखंडी तार उघडी. बोटानं दाबलं तर राखाडी पूड हाताला लागली. गीझर बसवून आठ महिने पण झाले नव्हते. टाकीच्या तळाशी पेजेसारखा पांढरा चिखल, वाटीभर. तो चमच्यानं काढला आणि कपड्यानं पुसला.

दांडा काढून तसंच तबकडी बसवून टाकावी, हा मोह सगळ्यांना होतो. वास जातोही. पण मुलाम्याला कुठे ना कुठे बारीक भोक असतंच, आणि दांडा नसला की गंज तिथूनच सुरू होतो. मग वास नाही आणि काही दिवसांनी गीझरही नाही. विजेवर चालणारा टायटॅनियमचा अॅनोड हा चांगला उपाय, त्यातून वास होत नाही आणि तो झिजतही नाही. पण त्याला कायम वीज लागते आणि किंमत गीझरच्या बरोबरीची. राहू दे.

मी अॅल्युमिनियम-जस्ताचा दांडा मागवला. मॅग्नेशियमपेक्षा तो थंड डोक्याचा, आणि जस्तामुळे वास दबतो असा अनेकांचा अनुभव. आला तर त्याचे आटे माझ्या तबकडीला बसेनात. एमआयडीसीतल्या लेथवाल्या मामांकडे गेलो. त्यांनी दांडा हातात फिरवला, "हे गाडीतल्या गीझरला?" म्हणून एकदा माझ्याकडे बघितलं, आणि चहा येईपर्यंत आटे पाडून दिले. लांबीही दोन बोटं कमी केली, नाहीतर कॉइलला टेकत होता. टेकता कामा नये.

दिवस १९

जुनंच गास्केट परत घातलं. गळलं. प्लायवूड फुगलं. नवं गास्केट साठ रुपयांचं होतं.

दिवस २०: दुसरी धुलाई

या वेळी हायपो नाही. मेडिकलमधलं ३ टक्क्यांचं हायड्रोजन पेरॉक्साइड, पाव लिटर, फक्त गीझरात. ते सल्फाइड आणि जंतू दोन्ही मोडतं, आणि शेवटी पाणी आणि ऑक्सिजनच उरतो, म्हणून धुणं सोपं. कारखान्यात ५० टक्क्यांचं ड्रमानं आहे, पण ते कातडीवर पडलं की जागा पांढरी पडते आणि आग होते, ते घरी आणायचंच नाही. ऑक्सिजन सुटतो म्हणून गरम नळ किंचित उघडा ठेवला. दोन तास बारीक चुर्र चुर्र आवाज येत होता. हायपो आणि पेरॉक्साइडही एकत्र करायचे नाहीत.

त्याच वेळी गीझरला तीन बॉल व्हॉल्व्हचा बायपास केला. आता टाकी क्लोरीननं धुवायची असेल तर गीझर बाजूला ठेवता येतो. आधीच करायला हवा होता.

तेव्हापासून

पाणी आता नळाचंच. भांडण होऊ नये म्हणून नळ येईल त्या दिवशी पहाटे मी स्वतः उठून भरतो. कॉइलवर क्षार बसेल तर बसू दे, वर्षातून एकदा लिंबूसत.

आठवड्यातून एकदा थर्मोस्टॅट ६५ वर नेऊन अर्धा तास तसाच ठेवतो आणि गरम पाणी सगळ्या नळांतून सोडतो. १५ लिटर पाणी ३० अंशांवरून ४५ ला न्यायला साधारण पाव युनिट लागतं, ६५ ला न्यायला ०.६ युनिट. माझ्या बॅटरीत अडीच युनिट. महाग आहे, पण घरी असताना घरच्या प्लगवर करतो. त्या वेळी न्हाणीच्या दारावर पाटी लावतो, ६५ अंशांचं पाणी अंगावर घेण्यासारखं नसतं.

गाडी चार दिवसांपेक्षा जास्त उभी राहणार असेल तर गीझर खालून रिकामा. आणि रिकाम्या गीझरची वायर काढलेली, कारण कोरड्या कॉइलला वीज दिली की कॉइल गेलीच.

बायकोनं एक तुटकं जोडवं दिलंय चाचणीसाठी. लिंबू-मिठानं घासून पांढरं करतो, काचेच्या बाटलीत गरम नळाचं पाणी गच्च भरून त्यात टाकतो, बूच लावून रात्रभर ठेवतो. दुसऱ्या धुलाईआधी सकाळी ते चहाच्या रंगाचं व्हायचं. परवा, दिवस ६१ ला, पांढरंच निघालं. वासही नाही. पुढचं दांड्याचं उघडणं दिवाळीनंतर. तेव्हा किती झिजलाय ते मोजून लिहीन, दांड्याचं बसवतानाचं वजन वहीत आहे.

आषाढीला आई येते म्हणालीय. आंघोळीचं पाणी मात्र घरून बादलीत भरून घेणार आहे.